माइनक्राफ्टमध्ये सगळ्यात तगडी एन्चँटमेंट कशी मिळवायची? फोनवर खेळणाऱ्यांसाठी पूर्ण हिशोब

‘दादा, तलवारीवर मेंडिंग बसतच नाही. अ‍ॅन्व्हिलवर टू एक्स्पेन्सिव्ह येतंय. लेव्हल वाढवू का?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की शेवटी बसून सगळं एकदाच लिहून काढायचं ठरवलं. उत्तर आधीच सांगतो: लेव्हल वाढवून काही होणार नाही. शंभर लेव्हल असल्या तरी ती तलवार आता तशीच राहणार, कारण पुस्तकं चुकीच्या क्रमाने लावली गेली आहेत.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझ्या ओळखीतली बहुतेक मुलं हा खेळ फोनवरच खेळतात. आमचंही एक सामायिक वर्ल्ड आहे. एक जण घोडबंदर रोडला, एक कल्याणला खडकपाड्यात आणि आम्ही दोघं डोंबिवलीत. दहावी-बारावीच्या घरात फोन रोज तासभर मिळाला तरी नशीब. त्या तासात जमवलेला एक्सपी चुकीच्या जागी गेला तर आठवडा वाया जातो. म्हणून खाली जे लिहितोय ते ‘कमीत कमी एक्सपीमध्ये कमाल ताकद’ या हिशोबाने.

आधी हे बघा: तुमचा खेळ कुठला?

फोनवर, टॅबवर आणि कन्सोलवर जो माइनक्राफ्ट चालतो तो बेडरॉक एडिशन. यूट्यूबवरच्या कितीतरी मोठ्या चॅनेलवर दिसतो तो कॉम्प्युटरवरचा जावा एडिशन. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, पण आतले आकडे वेगळे. जावामध्ये शार्पनेस ५ मुळे तलवारीचा मार ३ ने वाढतो. बेडरॉकमध्ये प्रत्येक लेव्हलला १.२५, म्हणजे शार्पनेस ५ ला ६.२५. दुप्पटीहून जास्त. झोंबी-सांगाड्यांवर चालणारं स्माइट ५ दोन्हीकडे १२.५ देतं. त्यामुळे जावावाले ‘स्माइटच घ्या, शार्पनेसमध्ये दम नाही’ म्हणतात ते त्यांच्या जागी बरोबर असेल, पण फोनवर शार्पनेस चांगलाच लागतो आणि तो सगळ्यांवर चालतो. फोनवाल्यांनी तलवारीला शार्पनेसच लावावं असं माझं स्पष्ट मत आहे. विदरशी भिडायचं असेल तर त्याच्यासाठी स्माइटची वेगळी तलवार करा, कारण विदर अनडेड गटात मोडतो.

स्वीपिंग एज नावाचं एन्चँटमेंट बेडरॉकमध्ये नाहीच. व्हिडिओत बघून ते शोधत बसू नका. उलट त्रिशूळावरचं इम्पेलिंग जावामध्ये फक्त जलचरांवर चालतं. बेडरॉकमध्ये पाण्यात किंवा पावसात भिजलेल्या कुणावरही चालतं. आपल्याकडच्या जुलैसारखा पाऊस गेममध्ये लागला की फोनवाल्याचा त्रिशूळ भारी पडतो.

एन्चँटिंग टेबल: काय देतं, काय देत नाही

टेबलाला ४ ऑब्सिडियन, २ हिरे आणि १ पुस्तक लागतं. नुसतं टेबल ठेवलं तर फालतू पर्याय दिसतात. पूर्ण ताकदीसाठी भोवती १५ बुकशेल्फ हवीत. टेबल मधोमध, त्याच्याभोवती एक ब्लॉक मोकळी जागा आणि त्याबाहेर शेल्फचा चौकोन. या चौकोनात बरोबर १६ जागा होतात, म्हणजे एक दारासाठी सोडली की १५ जमतात. मधल्या मोकळ्या जागेत गालिचा, टॉर्च, काहीही ठेवू नका. त्या शेल्फचा उपयोग बंद होतो. ‘१५ शेल्फ आहेत तरी ३० लेव्हल दाखवत नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, खाली गालिचा टाकलायस का? दहातल्या सात वेळा टाकलेला असतो.

सामान किती? एका शेल्फला ६ फळ्या आणि ३ पुस्तकं; एका पुस्तकाला ३ कागद आणि १ चामडं. टेबलाचं पुस्तक धरून एकूण ४६ पुस्तकं होतात: ४६ चामडी, १३८ ऊस, आणि शेल्फसाठी ९० फळ्या. ऊस पाण्याकडेला आजच लावून टाका. तो पुढेही लागणार आहे, आणि भरपूर.

आता सगळ्यात वरच्या दर्जाचा, म्हणजे खालून तिसरा नव्हे तर यादीतला शेवटचा पर्याय. तो घ्यायला ३० लेव्हल असाव्या लागतात, पण कापल्या जातात फक्त ३, आणि ३ लॅपिस लाझुली. यादी पसंत नसेल तर एखाद्या साध्या पुस्तकावर सर्वात स्वस्त, १ लेव्हलचा पर्याय लावा, यादी बदलते. नुसतं वस्तू काढून परत ठेवल्याने बदलत नाही.

पण टेबलाची मर्यादा समजून घ्या. हिऱ्याच्या तलवारीवर शार्पनेस ५ किंवा हिऱ्याच्या कुदळीवर एफिशियन्सी ५ टेबलावरून येतच नाही. जास्तीत जास्त ४. कितीही वेळा नशीब आजमावलं तरी गणितातच ते बसत नाही. आणि मेंडिंग तर टेबलावर कधीच मिळत नाही. म्हणजे ‘सगळ्यात तगडी’ वस्तू एकट्या टेबलावर बनूच शकत नाही. टेबलाचा खरा फायदा वेगळा आहे: ३ लेव्हलमध्ये दोन-तीन एन्चँटमेंट एकदम मिळतात आणि त्याचा अ‍ॅन्व्हिलच्या दंडात हिशोब होत नाही. हा दंड काय ते पुढे सांगतो, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

लेव्हल म्हणजे पैसे नव्हेत

इथे बहुतेक जण गंडतात. १० लेव्हल म्हणजे १० लेव्हल, असं वाटतं. पण प्रत्येक पुढची लेव्हल आधीच्यापेक्षा महाग असते. शून्यापासून १४ लेव्हलला २८० एक्सपी पॉइंट लागतात. शून्यापासून ३० ला लागतात १३९५.

समजा अ‍ॅन्व्हिलवर एका कामाला १४ लेव्हल लागताहेत. तुमच्याकडे बरोबर १४ असताना ते केलं तर गेले २८० पॉइंट. तेच काम ३० लेव्हलला असताना केलं तर तुम्ही ३० वरून १६ वर येता आणि जातात १०४३ पॉइंट. काम तेच, वस्तू तीच, खर्च जवळजवळ चौपट. गेम याबद्दल एक शब्द बोलत नाही.

त्यामुळे नियम सोपा ठेवा. टेबलासाठी ३० लेव्हल जमवाव्याच लागतात, इलाज नाही. ३० ला पोचलात की लगेच वापरा, ४५ होईपर्यंत थांबू नका. अ‍ॅन्व्हिलचं काम मात्र खालच्या लेव्हलला, जेवढ्या हव्यात तेवढ्याच असताना करा. शिवाय लेव्हल साठवून फिरणं धोक्याचं. मेलात तर प्रत्येक लेव्हलमागे ७ पॉइंट याप्रमाणे, पण जास्तीत जास्त १०० पॉइंटच जमिनीवर पडतात. ३० लेव्हलवाला मेला आणि परत जाऊन सगळे गोळे उचलले तरी ७ लेव्हलवर येतो.

एक्सपी कुठून आणायचा यावर स्वतंत्र लेख होईल. थोडक्यात: डन्जनमधला स्पॉनर सापडला तर तो फोडू नका, तिथेच साधं फार्म करा. भट्टीत शिजलेला माल हॉपरने बाहेर काढत राहिलं तरी एक्सपी भट्टीतच साठतो, आणि शेवटचा नग हाताने काढला की एकदम मिळतो. व्हिलेजरशी केलेल्या प्रत्येक व्यवहारातही मिळतो.

पुस्तकं विकत घ्या, शोधत फिरू नका

मासेमारीत किंवा पेट्यांमध्ये मेंडिंग मिळतं हे खरं, पण त्यावर अवलंबून राहणं म्हणजे लॉटरीच. खात्रीचा रस्ता एकच: लायब्रेरियन.

बेकार व्हिलेजरजवळ लेक्टर्न ठेवला की तो लायब्रेरियन होतो. त्याच्याकडे एखादं एन्चँटेड पुस्तक विकायला असतं, किंवा बुकशेल्फ. हवं ते पुस्तक नसेल तर लेक्टर्न तोडा, थोडं थांबा, परत ठेवा. नवा माल दिसेल. मनासारखं पुस्तक येईपर्यंत हे कितीही वेळा करता येतं, अट एकच: त्या व्हिलेजरशी तोवर एकही व्यवहार करायचा नाही. एक कागदाचा गठ्ठा जरी विकलात तरी त्याचा माल कायमचा पक्का होतो. मेंडिंगसाठी चाळीस-पन्नास वेळा लेक्टर्न तोडावा लागला तरी नवल नाही, तेव्हा व्हिलेजरला दोन ब्लॉकच्या खोलीत बंद करूनच बसा. काम दिवसा करा. रात्री तो झोपेच्या नादात असतो, लेक्टर्नकडे बघतही नाही.

मेंडिंगची किंमत १० ते ३८ एमराल्ड आणि एक साधं पुस्तक. ३५ मागत असेल तर मी तरी पुन्हा लेक्टर्न तोडतो, कारण हा व्हिलेजर पुढे वर्षभर लागणार असतो. एमराल्ड कुठून? इथे तो ऊस परत येतो. लायब्रेरियन २४ कागदांना १ एमराल्ड देतो. म्हणजे ज्याला ऊस विकला त्याच्याकडूनच पुस्तक घेतलं. घोडबंदरवाल्या आमच्या मित्राने गेममध्ये एवढा ऊस लावलाय की त्याला आम्ही कारखान्याचे चेअरमन म्हणतो. ऊस नसेल तर फ्लेचरला ३२ काड्यांचा १ एमराल्ड मिळतो; झाडं सगळीकडे असतातच.

दर आणखी पाडायचे असतील तर व्हिलेजरला झोंबी होऊ द्यायचं, मग त्याच्यावर वीकनेसचं स्प्लॅश पोशन टाकून सोन्याचं सफरचंद खायला घालायचं. बरा झालेला व्हिलेजर कृतज्ञतेने स्वस्तात देतो. पण हे हार्ड डिफिकल्टीवरच करा. नॉर्मलवर झोंबीच्या हल्ल्यात व्हिलेजर मरण्याची शक्यता निम्मी असते, आणि ईझीवर तो मरतोच.

वर्ल्डच्या सेटिंगमध्ये व्हिलेजर ट्रेड रिबॅलन्सिंग नावाचा प्रयोगातला पर्याय चालू केला असेल तर मात्र हे गणित बदलतं. तेव्हा कुठलं पुस्तक मिळेल हे व्हिलेजर कुठल्या प्रदेशातला आहे यावर ठरतं. नवीन वर्ल्ड करताना तो पर्याय चालू आहे का ते बघून घ्या.

तीन एन्चँटमेंट लायब्रेरियन विकत नाही. सोल स्पीड पिगलिनला सोनं देऊन किंवा बॅस्टियनच्या पेट्यांत मिळतं, स्विफ्ट स्नीक एन्शंट सिटीत, आणि गदेचं विंड बर्स्ट ट्रायल चेंबरच्या ऑमिनस व्हॉल्टमध्ये.

अ‍ॅन्व्हिल: इथेच सगळं ठरतं

अ‍ॅन्व्हिल म्हणजे लोहाराची ऐरण. ३ लोखंडी ब्लॉक आणि ४ विटा, एकूण ३१ लोखंडी विटा लागतात. ती झिजते, प्रत्येक वापराला तडा जाण्याची शक्यता १२ टक्के, तेव्हा लोखंड जवळ ठेवा.

डावीकडे वस्तू, उजवीकडे पुस्तक. खर्च दोन गोष्टींचा मिळून बनतो. पहिली, उजवीकडच्या पुस्तकातल्या एन्चँटमेंटची किंमत: शार्पनेस ५ ला ५ लेव्हल, लूटिंग ३ ला ६, फायर आस्पेक्ट २ ला ४, अनब्रेकिंग ३ ला ३, नॉकबॅक २ ला २, मेंडिंगला २. दुसरी गोष्ट म्हणजे दंड. वस्तू किंवा पुस्तक अ‍ॅन्व्हिलवरून जितक्या वेळा गेलं तितका त्यावर दंड चढतो: एकदा गेलं तर १, दोनदा ३, मग ७, १५, ३१, ६३. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंचा दंड मोजला जातो. आणि एका कामाला ३९ पेक्षा जास्त लेव्हल लागत असतील तर सर्व्हायव्हलमध्ये ‘टू एक्स्पेन्सिव्ह’ येतं. मग तुमच्याकडे हजार लेव्हल असोत.

आता दोन वेळा अ‍ॅन्व्हिलवर गेलेली तलवार आणि दोन वेळा गेलेलं पुस्तक एकत्र केलं तर नव्या तलवारीवर चार वेळांचा दंड बसतो का? नाही. दोघांपैकी ज्याचा आकडा मोठा, त्यात फक्त एक मिळवला जातो. म्हणजे तीन वेळा. या एका नियमावर सगळी बचत उभी आहे.

सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेचा नॉकआऊट तक्ता आठवा. आठ संघ असले तर चॅम्पियनला सात सामने खेळावे लागत नाहीत, तीनच लागतात: क्वार्टर, सेमी, फायनल. पुस्तकांचंही तसंच करायचं. एकेक पुस्तक तलवारीला लावत गेलात तर ती बिचारी प्रत्येक संघाशी एकटीच खेळते आणि दंडाने थकते. त्याऐवजी पुस्तकं आपापसात जोडायची, आणि तयार जोड्या तलवारीला लावायच्या.

आकडे मांडून दाखवतो. कोरी हिऱ्याची तलवार आणि वरची सहा पुस्तकं.

एकेक लावलं तर: लूटिंग ६, मग शार्पनेस ५ अधिक दंड १ म्हणजे ६, फायर आस्पेक्ट ७, अनब्रेकिंग १०, नॉकबॅक १७, आणि शेवटी ते गरीब बिचारं मेंडिंग, स्वतःची किंमत २, पण दंड ३१, एकूण ३३. बेरीज ७९ लेव्हल.

नॉकआऊट पद्धतीने: पहिल्या फेरीत तलवारीला लूटिंग लावा, ६ लेव्हल. शार्पनेसच्या पुस्तकाला अनब्रेकिंगचं पुस्तक जोडा, ३. फायर आस्पेक्टला मेंडिंग जोडा, २. दुसऱ्या फेरीत तलवारीला शार्पनेस-अनब्रेकिंगचं जोडपुस्तक, दंडासकट १०. फायर आस्पेक्ट-मेंडिंगला नॉकबॅक, ३. फायनलला तलवार आणि ते तिहेरी पुस्तक: १४. बेरीज ३८.

७९ आणि ३८ मधला फरक निम्म्याचा वाटतो, पण मघाचा मुद्दा आठवा: वरच्या लेव्हल महाग असतात. प्रत्येक काम नेमक्या तेवढ्याच लेव्हल असताना केलं असं धरून एक्सपी पॉइंट मोजले तर पहिल्या पद्धतीला २५४७ लागतात आणि दुसरीला ५८२. शून्यापासून ३० लेव्हलला पोचायला लागतात त्याच्या निम्म्याहून कमी पॉइंटमध्ये पूर्ण तलवार तयार.

पुस्तकाला पुस्तक जोडताना महाग पुस्तक डावीकडे आणि स्वस्त उजवीकडे ठेवा, कारण किंमत उजव्याची लागते. उलटं ठेवलं तरी पुस्तक तेच बनतं, फक्त खिसा जास्त कापला जातो. आणि नॉकबॅक मला स्वतःला आवडत नाही. शत्रू लांब उडतो, मग त्याच्यामागे धावा. ते वगळलंत तर आणखी स्वस्त.

बुटांवर तर या पद्धतीशिवाय गत्यंतरच नाही. प्रोटेक्शन ४, फेदर फॉलिंग ४, डेप्थ स्ट्रायडर ३, सोल स्पीड ३, थॉर्न्स ३, अनब्रेकिंग ३, मेंडिंग. सात पुस्तकं. एकेक लावत गेलात तर सातव्याच्या वेळी दंडच ६३ असतो, म्हणजे दार बंद. बूट धरून आठ नग झाले, आठ संघांचा तक्ता मांडा: बुटाला सोल स्पीड, थॉर्न्सला प्रोटेक्शन, डेप्थ स्ट्रायडरला फेदर फॉलिंग, अनब्रेकिंगला मेंडिंग. मग बुटाला थॉर्न्सची जोडी, आणि उरलेल्या दोन जोड्या आपापसात. मग फायनल. एकूण ६८ लेव्हल, आणि सगळ्यात महाग एकटं काम २१ चं. कुठेही अडकत नाही.

सारख्या लेव्हलची दोन एन्चँटमेंट जोडली तर पुढची मिळते, ४ आणि ४ ची ५. पण ५ मिळवायला १ पासून जोडत बसू नका; प्रत्येक जोडणीला दंड चढत जातो. लायब्रेरियनकडून थेट ५ चं पुस्तक घ्या.

टेबल आणि पुस्तकं यांचा मेळ घातला तर आणखी मजा. समजा टेबलावर कुदळीला एफिशियन्सी ४, अनब्रेकिंग ३ आणि फॉर्च्युन ३ एकदम लागलं. ३ लेव्हल गेल्या, दंड शून्य. आता एफिशियन्सी ५ च्या पुस्तकाला मेंडिंग जोडा, २ लेव्हल, आणि ते कुदळीला लावा. बेडरॉकमध्ये ४ वरून ५ होताना फक्त वाढलेल्या एका लेव्हलची किंमत लागते, त्यामुळे हे काम ४ लेव्हलमध्ये होतं. जावामध्ये याच कामाला ८ लागतात. फोनवाल्यांचा आणखी एक फायदा.

काय लावायचं, काय सोडायचं

काही एन्चँटमेंट एकमेकांसोबत नांदत नाहीत: शार्पनेस आणि स्माइट, फॉर्च्युन आणि सिल्क टच, इन्फिनिटी आणि मेंडिंग, डेप्थ स्ट्रायडर आणि फ्रॉस्ट वॉकर. चारही प्रकारच्या प्रोटेक्शनपैकी एका वस्तूवर एकच. साधं प्रोटेक्शन ४ चारही कपड्यांवर असेल तर प्रत्येकी १६ टक्के, म्हणजे बहुतेक मारापासून ६४ टक्के बचाव. यापुढे डोकं लावायची गरज नाही, तेच घ्या. थॉर्न्स लावल्याने कपडे लवकर झिजतात, आणि पुस्तकही महाग. मला ते पटत नाही.

कुदळी दोन हव्यात. एक फॉर्च्युन ३ ची, हिऱ्यासाठी. एका खनिज ब्लॉकमधून सरासरी २.२ हिरे मिळतात. दुसरी सिल्क टचची. आम्ही चौघं वर्ल्डमध्ये कल्याणचा दुर्गाडी किल्ला बांधतोय, खाडीसकट. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायचो, तोच छंद आता फोनवर. तटबंदीला दगड हवा तर साध्या कुदळीने कोबलस्टोन हाती येतो, मग तो भट्टीत भाजा. सिल्क टचने दगड अखंड निघतो. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आणि गेममध्ये बेसॉल्ट नावाचा ब्लॉक आहेही, पण तो नेदरमध्ये. आम्ही तिकडून आणून बघितला, त्याच्या उभ्या रेघा तटाला शोभत नाहीत. शेवटी डीपस्लेटच बरा दिसला.

अनब्रेकिंग ३ मुळे हत्यारं सरासरी चौपट टिकतात. कपड्यांवर तितका परिणाम नाही. मेंडिंग दर एक्सपी पॉइंटमागे २ टिकाऊपणा भरून काढतं, पण वस्तू हातात किंवा अंगावर असायला हवी. पेटीतली कुदळ दुरुस्त होत नाही. धनुष्यावर इन्फिनिटी की मेंडिंग? बाण करण्याचा कंटाळा असेल तर इन्फिनिटी, मात्र एक बाण जवळ लागतोच. पंखांवर, म्हणजे एलिट्रावर, मेंडिंग नसेल तर लांब उडू नका.

नेदराइट

स्मिथिंग टेबलवर हिऱ्याची वस्तू नेदराइटची केली तरी एन्चँटमेंट तशीच राहतात, एक्सपीही लागत नाही. प्रत्येक वस्तूला एक नेदराइट वीट आणि एक अपग्रेड टेम्पलेट. एका विटेला एन्शंट डेब्रीचे ४ तुकडे आणि ४ सोन्याच्या विटा. टेम्पलेट बॅस्टियनमध्ये मिळतो आणि ७ हिरे व एक नेदररॅक देऊन त्याची प्रत काढता येते. चार कपडे, तलवार, कुदळ अशा सहा वस्तू असतील तर एका सापडलेल्या टेम्पलेटच्या पाच प्रती, ३५ हिरे. डेब्री नेदरमध्ये वाय १५ च्या आसपास जास्त असते. नेदराइट लाव्हात पडलं तरी जळत नाही, तरंगतं. ३८ लेव्हल घालून केलेल्या तलवारीसाठी एवढा खर्च मला रास्त वाटतो.

‘लेव्हल १००० तलवार’ची लिंक

टेलिग्रामवर आणि व्हिडिओखाली अशा एपीके फाइल फिरतात. टाकली की सगळं फुल एन्चँट, म्हणे. हे समजून घ्या: जावामध्ये कमांड देऊन २५५ पर्यंतची एन्चँटमेंट करता येते, व्हिडिओत दिसते ती बहुधा तीच. बेडरॉकची एन्चँट कमांड खेळाने ठरवलेल्या कमाल लेव्हलच्या पुढे जात नाही. म्हणजे फोनवर हे ‘सहज’ करून देतो म्हणणारा काहीतरी वेगळंच करतोय. बाहेरून आलेली एपीके फोनमध्ये काय काय वाचते हे तुम्हाला दिसत नाही, आणि ज्या फोनवर खेळता तो बऱ्याचदा आईचा किंवा बाबांचा असतो; त्यावर बँकेचे ओटीपी येतात. असं काही टाकलं गेलं असेल आणि खात्यातून पैसे गेले, तर ओरडा बसेल म्हणून गप्प बसू नका. घरी लगेच सांगा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम मध्येच थांबवता येण्याची शक्यता जास्त असते.

गेममधल्याच चीट्स चालू करून कमांड वापरणं यात धोका नाही, पण त्या वर्ल्डमध्ये अचिव्हमेंट बंद होतात. सरावासाठी वेगळं क्रिएटिव्ह वर्ल्ड करा आणि पुस्तकांचे क्रम तिथे लावून बघा. एक लक्षात ठेवा, ३९ लेव्हलची मर्यादा क्रिएटिव्हमध्ये लागत नाही, तेव्हा खर्चाचा आकडा स्वतः बघत जा.

आणि बॅकअप

बेडरॉकमधलं वर्ल्ड ज्याने बनवलं त्याच्या फोनमध्ये असतं. अँड्रॉइडवर स्टोरेजची सेटिंग न बदलता गेम अनइन्स्टॉल केला तर वर्ल्डही जातं. ‘स्टोरेज फुल झालं म्हणून मोठं अ‍ॅप काढून टाकलं’ हे घरोघरी होतं, आणि काढून टाकणाऱ्याला त्यात दुर्गाडी होता हे माहीत नसतं. वर्ल्डच्या नावाशेजारच्या पेन्सिलवर गेलात की खाली वर्ल्डची प्रत काढायचा पर्याय आहे. मोठं अ‍ॅन्व्हिल काम करण्याआधी एक प्रत काढा. मात्र ती प्रतही त्याच फोनमध्ये राहते, म्हणून फोन बदलताना किंवा दुरुस्तीला देताना वर्ल्ड एक्सपोर्ट करून फाइल ड्राइव्हवर टाका. आमच्या वर्ल्डची फाइल दर रविवारी चौघांपैकी दोघांकडे तरी जाते, कारण कुणाच्या घरी कधी कुणाचा फोन जप्त होईल सांगता येत नाही.